गळ टाकण्याआधी : तळं कुणाचं, मासे कुणाचे?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत नेट गंडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतोय. बोलताना मी जरा भरकटतो, तेवढं सांभाळून घ्या.

तर झालं असं. आम्ही चार मित्र, चौघेही पुणतांब्याचे. दोघं पुण्यात आयटीत, एक गावात शेती बघतो, एक कोपरगावला शिकवतो. दरवर्षी दिवाळीत भेटलो की एकच ठराव होतो, "यंदा गळ घेऊन कुठल्यातरी तळ्यावर जायचं, एक रात्र मुक्काम करायचा." यंदा प्लॅनिंग माझ्याकडे आलं, कारण मी इंजिनिअर, म्हणजे शीट मीच बनवणार. बनवली. कॉलम केले : ठिकाण, अंतर, मुक्काम, मासे कुठले, परवानगी कुणाची. पहिले चार कॉलम अर्ध्या तासात भरले. पाचवा तीन आठवडे रिकामा होता. हा सगळा भाग त्या पाचव्या कॉलमबद्दल आहे.

पण त्याआधी एक कबुली देतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल.

मागच्या वर्षीही आम्ही गेलो होतो. कुणाला न विचारता. तळं मोठं होतं, काठावर माणूस नव्हता, म्हटलं सरकारी पाणी आहे, कोण विचारतंय. दुपारी माझा गळ पाण्याखाली कशाततरी अडकला. ओढत ओढत आणलं तर ते जाळं निघालं, पाण्यात रात्रभर लावून ठेवतात तसलं, आणि त्यात तीन-चार चिलापी फडफडत होत्या. माझं साडेतीनशे रुपयांचं नवंकोरं प्लास्टिकचं आमिष त्यात गुंतलेलं. सुटेना. मी खिशातला चाकू काढला आणि जाळं कापलं. हातभर भोक पडलं. जाळं परत पाण्यात सोडलं आणि आम्ही गाडीत बसलो. कुणी पाहिलं नाही.

घरी आल्यावर हा किस्सा मी आजीला हसत हसत सांगितला. ती हसली नाही. "कुणाचं होतं रे?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

असो. शीटकडे येऊ.

पुणतांबा म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात. चांगदेव महाराजांची समाधी. तेच ते, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले आणि भिंत चालत आलेली बघून खाली उतरलेले. दुसरी, २०१७ च्या १ जूनला इथून सुरू झालेला शेतकरी संप. आणि तिसरी, शिर्डीला जाणारी रेल्वे इथून फुटते. गोदावरी दारात आहे, अहिल्याबाईंच्या काळातला घाट आहे. मग मासे धरायला दुसरीकडे कशाला जायचं? कारण घाटावर आंघोळी, दशक्रिया आणि आरत्या चालतात. तिथं गळ घेऊन बसलो तर पहिला दगड आमच्याच घरातून येईल.

म्हणून तळं. आणि इथंच पहिला धक्का बसला. आमच्या नगर-नाशिकच्या या कोरड्या पट्ट्यात गोड्या पाण्याचं मोठं, आपोआप तयार झालेलं तळं नाहीच. शीटमध्ये मी जी जी नावं टाकली ती सगळी माणसांनी बांधलेली निघाली, आणि बहुतेक गेल्या सव्वाशे वर्षांतली. म्हणजे आपण ज्याला "निसर्गात जाऊन येऊ" म्हणतो, तो निसर्ग पाटबंधारे खात्यानं अडवलेला आहे.

पहिलं नाव होतं नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथला हा बंधारा, निफाड तालुक्यात. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ झाला, त्यानंतर इंग्रज सरकारनं १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला. त्या पुढच्या वर्षांत दख्खनच्या कोरड्या भागासाठी जी कामं झाली त्यात गोदावरीचे कालवे आले. वर दारणेवर धरण झालं १९१६ मध्ये, आणि खाली नांदूर मधमेश्वरला पाणी अडवून डावा आणि उजवा असे दोन कालवे काढले. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या भागातला ऊस या पाण्यावर उभा आहे. १९५० मध्ये प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तोही कालव्याच्या पाण्यानं बदललेल्या याच मुलखात. आमच्या शेतकरी मित्राचं सगळं वर्ष "आवर्तन कधी सुटणार?" या एका प्रश्नाभोवती फिरतं. दुष्काळावर उपाय म्हणून बांधलेली ही यंत्रणा. लेगसी सिस्टिम म्हणतात ना आमच्यात, शंभर वर्षं जुनी आणि अजून प्रॉडक्शनमध्ये.

गंमत अशी की बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी आणि गवत वाढलं आणि पक्षी आले. १९८६ मध्ये तिथं पक्षी अभयारण्य झालं आणि पुढे ती महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरली. १४३७ हेक्टर. जानेवारी २०२० मध्ये ती बातमी आली तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी फॉरवर्ड केली होती. आता अभयारण्यात गळ घेऊन जायचा प्रश्नच नाही. शीटमधली पहिली ओळ लाल केली.

नाथसागरही तसाच. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी, इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये उद्घाटन, साधारण १०२ टीएमसीचं पाणी. तिथंही पक्षी अभयारण्य. शिवाय नगर-नाशिकवाले आणि मराठवाडा यांचं त्या पाण्यावरून दरवर्षी जे होतं, त्यात पुणतांब्याच्या चार पोरांनी पैठणला जाऊन "आमच्याकडूनच आलंय पाणी" असं म्हणायचं धाडस नको. लाल.

भंडारदरा सगळ्यांना माहीत आहे. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पूर्ण, तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला, आणि ८२ मीटर उंची. डिसेंबरात तिथले हॉटेलचे दर बघून कोपरगावच्या मास्तरांनी नुसती हात जोडलेली इमोजी पाठवली. राहुरीचं मुळा धरण, २६ टीएमसी, ते यादीत राहिलं. आणि राहिलं मागच्या वर्षीचं ते तळं. त्याचं नाव मी या भागात कुठंच घेणार नाही, कारण पुढं कळेलच.

आता चौथा कॉलम, मासे कुठले. मी बिनधास्त लिहिलं होतं : कटला, रोहू, मृगळ, चिलापी. लिहिताना वाटलं हे आपले गावरान मासे. दुसरा धक्का इथं.

आपल्या दख्खनच्या नद्यांत मूळचे मासे कुठले, याची पहिली मोठी शास्त्रीय यादी एका लष्करी माणसानं केली. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स. १८२४ मध्ये एल्फिन्स्टनच्या सरकारनं त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं. पुणे, नगर, खानदेश, धारवाड हे जिल्हे त्याच्याकडे. माणसं, जमिनी, पिकं, पाऊस मोजता मोजता हा गडी पक्षी आणि मासेही लिहीत गेला. दख्खनच्या माशांवरचं त्याचं काम १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडून प्रसिद्ध झालं.

ती यादी बघताना मला भारी मजा आली, कारण साइक्सनं लॅटिन नावांत चक्क मराठी घुसवलं आहे. शिंगटीचं शास्त्रीय नाव आजही मिस्टस सींगटी. घोगऱ्याचं रिटा गोग्रा. लेबिओ बोगट, सिऱ्हिनस फुलंगी. आणि आपला महसीर, टॉर खुद्री, तोही साइक्सनंच पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवलेला. ही नावं त्याला नदीवरच्या लोकांकडून मिळाली असणार, दुसरीकडून मिळायला जागाच नाही. पण माणसांची नावं माशांना द्यायची वेळ आली तेव्हा? बॅगारियस यारेली, विल्यम यॅरेलवरून. रोहटी ऑगिल्बाय, विल्यम ऑगिल्बीवरून. ऑस्टिओब्रामा विगॉर्साय, निकोलस व्हिगर्सवरून. सगळे लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ. जाळ्यात मासा धरून "साहेब, याला शिंगटी म्हणतात" असं सांगणारा कोळी किंवा भोई त्या लॅटिन नावांत कुठंच नाही. कोडमध्ये कमेंट कुणीतरी लिहिलेली असते आणि कमिटवर नाव मॅनेजरचं असतं, तसलाच प्रकार.

आणि साइक्सच्या यादीतले हे मासे आमच्या शीटमध्ये नाहीत. आमच्या शीटमधले कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या बाजूच्या नद्यांतले. चिलापी तर आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ मध्ये. धरणं झाली, पाण्याचे मोठे साठे तयार झाले, आणि त्यात भराभर वाढणारे मासे सोडायचं ठरलं. पण अडचण होती. हे कार्प मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात वाढतात छान, पण पिल्लं सहसा होत नाहीत. म्हणजे बी दरवर्षी नदीतून गोळा करून आणायचं, आणि त्यात कुठल्या माशाचं काय आलं ते देव जाणे.

हा प्रश्न सुटला ओडिशात. १० जुलै १९५७. हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञानं माशांच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावलं. आज १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळे. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रं झाली आणि टेम्पोतून प्लास्टिकच्या पिशव्यांत ऑक्सिजन भरून बोटुकली तळ्यातळ्यात जायला लागली. तुम्ही ढाब्यावर धरणाचा ताजा मासा म्हणून जो कटला खाता, तो बहुधा असाच आलेला असतो.

(मासे हलवण्याची ही हौस कधीकधी अंगाशीही येते. लोणावळ्याला टाटांनी १९७० च्या सुमारास महसीरची हॅचरी सुरू केली, उद्देश चांगला, नामशेष होणारा मासा वाचवायचा. पण तिथले निळ्या परांचे महसीर कावेरीत सोडले गेले आणि तिथल्या मूळच्या मोठ्या कुबडवाल्या महसीरला त्यांनी मागं सारलं, असं अभ्यासक म्हणतात. त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली २०१८ मध्ये, तोवर तो जवळजवळ संपलेला. हा विषय वेगळ्या भागाचा आहे.)

मुद्दा काय, तर तळ्यातला मासा हे जंगली जनावर नाही. ते पेरलेलं पीक आहे. कुणीतरी पैसे देऊन बी आणलंय, सोडलंय आणि ते वाढायची वाट बघतंय. हे कळलं तेव्हा मागच्या वर्षीचं जाळं पहिल्यांदा नीट डोळ्यांसमोर आलं.

मग म्हटलं, हौसेनं गळ टाकणारे आपणच पहिले का? अजिबात नाही. आपल्याच मुलखात याचं नऊशे वर्षांपूर्वीचं मॅन्युअल आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, कल्याणी म्हणजे आत्ताचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. यानं ११३० च्या आसपास संस्कृतमध्ये 'मानसोल्लास' लिहिला. शंभर अध्यायांचा ज्ञानकोश : राज्य कसं करावं, हत्ती, स्वयंपाक, गाणं, खेळ. बायका कांडताना ओव्या म्हणतात ही महाराष्ट्राबद्दलची जुनी नोंद याच ग्रंथातली. आमच्याकडचे सिन्नरचे यादव तेव्हा या चालुक्यांचे मांडलिक होते. आणि हा ग्रंथ बडोद्याहून तीन भागांत छापून आला तो संपादित केला गजानन श्रीगोंदेकर यांनी. आडनावावरून तर आमच्याच जिल्ह्याची नाळ दिसते, म्हणून मी उगाच खूश झालो.

त्या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा अध्याय आहे. विनोद म्हणजे इथं करमणूक. राजानं गळानं मासे कसे धरावेत. माशांचे प्रकार दिलेत, खवल्याचे आणि बिनखवल्याचे, समुद्रातले आणि नदीतले. कुठल्या माशाला काय खायला आवडतं ते दिलंय, पिठाचे गोळे, मांसाचे गोळे. बांबूची काठी, दोरी, गळ. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : आधी एका ठरलेल्या जागी माशांना खाऊ घालून तिथं यायची सवय लावायची, मग गळ टाकायचा. आज परदेशातले यूट्यूबर हेच तंत्र नवीन म्हणून दाखवतात.

पण वाचताना एक लक्षात येतं. ते खाऊ घालायचं काम राजा स्वतः करत नसणार. पाणी त्याचं, नोकर त्याचे, मासे त्याचे. राजाला पाचवा कॉलम नव्हता. पुढे इंग्रज अधिकारी आले, त्यांनाही नव्हता. मद्रास इलाख्यातल्या हेन्री थॉमस या अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं, ते इथल्या साहेबी गळवाल्यांचं बायबल. मासेमारीचा देशव्यापी कायदा आला १८९७ चा. त्यात सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारायला बंदी आहे, आणि ती अगदी योग्य आहे. पण मजा म्हणून मासे धरणाऱ्यानं पोटासाठी मासे धरणाऱ्याला विचारावं, असं या सगळ्या परंपरेत मला कुठं सापडलं नाही. आम्हीही मागच्या वर्षी त्याच परंपरेतले. फक्त हत्ती नव्हता, सेकंडहॅंड स्विफ्ट होती.

मग पाचवा कॉलम कसा भरला? गावाकडं गेलो होतो तेव्हा संध्याकाळी नदीवरच्या बंधाऱ्याकडं चक्कर मारली. तिथं एक भोई समाजाचे म्हातारे बाबा जाळं दुरुस्त करत बसलेले. मी शेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, तळ्यावर गळ टाकायला जायचंय. परवानगी कुणाची घ्यायची?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "जमीन सरकारची. पाणी पाटबंधाऱ्याचं. मासे सोसायटीचे. तुझं काय हाय त्यात?"

"माझा फक्त गळ."

"मंग सोसायटीला इचार की."

सोसायटी म्हणजे मच्छीमार सहकारी संस्था. धरणं आणि तलाव मासेमारीसाठी ठेक्यानं दिले जातात, साधारण पाच वर्षांसाठी. ठेक्याची रक्कम भरायची, बोटुकली आपल्या खर्चानं सोडायची, राखण करायची, आणि मग सभासदांनी मासे धरायचे. पाऊस कमी झाला किंवा आवर्तनात तळं तळाला गेलं, तर शेतकऱ्याच्या नुकसानीची बातमी होते, यांची फारशी होत नाही. पाण्याच्या भांडणात ऊसवाला, शहरवाला, कारखानावाला सगळे बोलतात. मासेवाला काठावर थर्माकोलचा तराफा घेऊन उभा.

बाबांनी सांगितलं, बंधारे व्हायच्या आधी नदीत डोह होते, आणि कुठल्या डोहात कुणी जायचं हे घरोघरी ठरलेलं असायचं. कागद नव्हता. मरळ, वाम, शिंगटी मिळायची. "आता सोडतील ते धरायचं," म्हणाले.

मी धीर करून विचारलं, "जाळ्याला भोक पडलं तर काय करता?"

"दिसलं तर शिवतो. रातीला पाण्यात दिसत न्हाई. एकदा फाटलं की मासा तिथंनंच जातो, आन् भोक वाढत जातं. सकाळी रिकामं जाळं हातात येतं तवा कळतं." मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "का रं?"

मी "काही नाही, सहज" म्हणालो. इंजिनिअर झालो, पण एवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

ते वाक्य मी शेवटी फोनवर बोललो. मागच्या वर्षीच्या तळ्याची सोसायटी शोधली, अध्यक्षांचा नंबर मिळवला. आधी परवानगीचं बोललो. ते म्हणाले या, माणशी दोनशे द्या, पावती घ्या, जाळ्यांपासून लांब बसा, बोटभर मासा लागला तर परत सोडा, आणि रील करून आमच्या तळ्याचं नाव टाकू नका, नाहीतर पुढच्या रविवारी इथं जत्रा भरेल. म्हणून नाव घेत नाही. मग मी म्हणालो, "साहेब, अजून एक आहे," आणि चाकूचं सगळं सांगितलं.

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग त्यांनी विचारलं, "मंदिराच्या बाजूच्या कोपऱ्यात का? बाभळी हायेत तिथं?"

"हो."

"माहितीय मला कुणाचं होतं ते. आल्यावर त्यालाच भेटा. मी मधी पडणार न्हाई."

तर तारीख ठरली आहे, जानेवारीतला दुसरा शनिवार. मुळा धरण यादीतून काढलं. पुणतांब्याहून पहाटे साडेचारला निघायचं, गाडी शेतकरी मित्राची, स्विफ्ट विकली. सामानाची यादी ग्रुपवर टाकली आहे : दोन काठ्या, तंगूस, साधे गळ, कणीक, गांडुळं वाटेत खणायची, कंदील, भाकरी-ठेचा. प्लास्टिकची आमिषं या वेळी आणायची नाहीत. चाकू भाजीपुरता एक, आणि तो मास्तरांकडे राहील. जाळ्याचे पैसे आम्ही दोघांनी, ओढायला होतो त्या दोघांनी, वेगळ्या पाकिटात काढलेत. किती ते त्या माणसानं सांगायचं, म्हणून थोडे जास्तच घेतलेत.

आजीला सांगितलं जातोय म्हणून. तिनं परत तोच प्रश्न विचारला. म्हटलं, नाव कळलंय, आल्यावर सांगतो.

पुढचा भाग त्यानंतरच येईल, म्हणजे दोन आठवड्यांची सुट्टी समजा. तुमच्या गावच्या तळ्यात पूर्वी कुठले मासे मिळायचे, त्यांना घरात काय म्हणायचे, ते आजी-आजोबांना विचारून व्हॉइस नोट पाठवा. शिंगटी, घोगरा, बोगट सोडून अजून कुठली नावं आहेत ते मला गोळा करायचंय. सांगणाऱ्याचं नावही पाठवा.